करगोटा

माझ्या वडिलांच्या करगोट्याला
दारूखान्यातल्या वखारीची किल्ली असायची.
आंघोळीतही कमरेवरच.
पितळ हिरवं पडायचं,
कातडीवर किल्लीच्या आकाराचा डाग.

माझी किल्ली नखाएवढी,
निळा पेनड्राइव्ह,
परकराच्या नाडीला सेफ्टी पिनेनं अडकवलेला.
त्यात एकसष्ट माणसं.

मी माझगावात लोकांचे रिटर्न भरते.
जुलैत जिन्यापर्यंत रांग लागते.
आधी सगळे पासवर्ड वहीत होते,
लाल पुठ्ठ्याच्या, रोजमेळ लिहायच्या.
त्या वहीत मी नको तेवढं वाचलं.
कासम पारकरांचा पासवर्ड म्हणजे
त्यांच्या बुडालेल्या गलबताचं नाव, पुढे साल.
फिलोमिनाबाईंचा, उद्याउद्याउद्या.
आणि घाडीगावकर,
जे चाळीस वर्षांत बायकोशी धड बोलले नाहीत,
त्यांचा पासवर्ड
तिचं माहेरचं नाव होतं,
मागे एक दोन तीन.

एकदा वही झेरॉक्सवाल्याकडे राहिली.
अर्धा तास.
धावत गेले तर काउंटरवर तशीच,
वर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवलेला.
पुठ्ठ्यावर ओलं वर्तुळ उमटलं होतं,
वर्तुळाखाली एकसष्ट जण.

मग भाचीनं, वेदवतीनं,
पेनड्राइव्हमध्ये तिजोरी घालून दिली.
बाहेरून बघाल तर नुसता कचरा.
उघडायला एकच मोठा पासवर्ड,
तो तेवढा डोक्यात.
बाकीचे यंत्रानं पाडलेले,
वीस-वीस अक्षरांचे,
ज्यांना आई नाही, बाप नाही, गाव नाही.

त्या रात्री एकेक बदलत गेले.
गलबत दुसऱ्यांदा बुडालं.
माहेरच्या नावापाशी बोट थांबलं,
मग दाबलं.
पहाटे वही
पाण्यात भिजवून, कुसकरून टाकली.
बादलीत शाईचं पाणी.

घाडीगावकर आले, म्हणाले,
माझा पासवर्ड काय हो?
स्क्रीनवरून वाचून दाखवला,
मोठा के, सात, फुली, छोटा व्ही...
परक्या माणसाचा पत्ता ऐकावा
तसे ऐकत राहिले.
हा माझा?
हा तुमचा.
लक्षात कसा राहायचा?
राहायलाच नको, काका.
बरं, म्हणाले.
दाराबाहेर
बराच वेळ चपला शोधत होते.

ऑक्टोबरात भाऊच्या धक्क्यावर
बोंबील घेताना पिन सुटली.
घाबरले नाही म्हणेन तर खोटं.
घरी येऊन तूरडाळीच्या डब्यातून
पिशवीत गुंडाळलेला दुसरा काढला,
लावला. सगळे होते.
पहिला कुणाला सापडलाच असेल
तर त्यानं आत कचरा बघितला असेल,
पुसून गाणी भरली असतील.
भरू देत.

मोठा पासवर्ड मी कधी बोलले नाही.
झोपताना बोटं चादरीवर
एकदा टाइप करून बघतात,
आहे ना, म्हणून.
पाच शब्द, एकमेकांशी नातं नसलेले.
त्यातला एक बुडालेला आहे.
याहून जास्त सांगत नाही.

परवा बँकेत सही करताना हात थरथरला.
वडिलांची किल्ली आठवली.
शेवटची आंघोळ घालताना
काकांनी करगोटा कापून काढली होती
आणि डाग तसाच गेला.
माझी कुठून काढतील?

वेदवतीला विचारलं, लिहून ठेवू?
ती म्हणाली, निम्मा लिही.
निम्मा लिहिला.
वखारीची किल्ली अजून आहे,
वखार नाही.
तिच्याभोवती चिठ्ठी गुंडाळून
दोरा बांधला.

उरलेला निम्मा
कुणाच्या कानात सांगायचा
ते अजून ठरत नाही.
फिलोमिनाबाईंसारखं मीही म्हणते,
उद्या.